साहेब मीटिंगमध्ये आहेत

फोनवर बोलण्यात काकूंचा हात धरेल असं माणूस त्यांच्या सासरी-माहेरी नव्हतं. बहिणीला 'कशी आहेस' एवढंच विचारायला फोन लावला, तरी गॅसवरचं दूध उतू जायचं, ओटा पुसून व्हायचा, दुसरं दूध तापायचं आणि मग कुठे 'बरं, ठेवते' ची वेळ यायची. त्यामुळे मुलगी शिकायला परगावी गेल्यावर काकूंनी फोनवरून माल विकायची नोकरी धरली, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई, आता बोलायचेसुद्धा पैसे मिळतात होय? मग तू तर गडगंज होशील!"

जाऊबाईंचं बोलणं खरं ठरलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली, तरी काकूंची डाळ काही शिजत नव्हती.

कंपनी खोकी बंद करायची यंत्रं विकायची. माल भरलेलं खोकं एका बाजूने आत सरकवायचं, दुसऱ्या बाजूने ते चिकटपट्टी लावून घेऊन बाहेर येणार. यंत्र चांगलं होतं, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण होती ती माणसांची. यंत्र घ्यायचं की नाही हे ज्यांच्या सहीवर ठरतं, ते मालक आणि डायरेक्टर स्वतःचा फोन स्वतः उचलत नाहीत. त्यांच्यासाठी तो दुसरंच कुणीतरी उचलतं, आणि त्या दुसऱ्या माणसाला जगातलं एकच वाक्य येतं: साहेब मीटिंगमध्ये आहेत.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. मध्ये पातळ फळ्या घालून टेबलं वेगळी केलेली, आणि खालून दिवसभर रबराचा वास. बसणारी सगळी विशी-पंचविशीतली. 'काकू' हे नाव पहिल्या दिवशी त्यांनीच ठेवलं आणि ते चिकटपट्टीसारखं चिकटलं. या पलटणीचा प्रमुख जेमतेम तिशीचा आणि ताडमाड उंच. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. त्याच्या टेबलामागे भिंतीवर एक पितळी घंटा होती. कुणाची मोठ्या माणसाशी भेट ठरली की त्याने उठून ती बडवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, अशी तिथली रीत. कॅप्टनने ती स्वतःच्या उंचीच्या हिशेबाने ठोकली होती. काकूंचा हात तिथवर पोचत नव्हता, पण पोचायची गरज तरी कधी पडली होती?

"नकार म्हणजे अर्धा होकार," हे कॅप्टनचं आवडतं वचन.

"मग दोनदा नकार मिळाला की काम झालं असं समजायचं का?" काकूंनी पहिल्याच आठवड्यात अगदी मनापासून विचारलं होतं. सगळी खोली हसली. काकूंना कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

खरं सांगायचं तर काकू या कामाला नालायक होत्या असं नाही, पण त्यांचा स्वभाव आड यायचा. पलीकडचा म्हणाला, "मी जेवतोय," की या म्हणणार, "अहो मग जेवा ना आधी, घास हातात घेऊन कशाला बोलता," आणि फोन ठेवून देणार. असा माणूस पुन्हा सापडतो थोडाच.

काकूंच्या वाट्याला आलेल्या कारखान्यांपैकी सगळ्यांत मोठा होता साबणाचा. ऑफिसात त्याला किल्ला म्हणायचे, कारण आजवर कुणालाच तो सर झाला नव्हता. दारावर साहेबांच्या सेक्रेटरी बाई बसलेल्या. पट्टीच्या विक्रेत्यांनी त्या बाईंपुढे हात टेकले होते.

"घरचं माणूस असल्यासारखं बोला," कॅप्टनने काकूंना कानमंत्र दिला. "आवाजात हक्क आणा. समोरच्याला विचारायची हिंमतच होता कामा नये."

काकूंनी तो मंत्र शब्दशः घेतला. किल्ल्यावर फोन लावला आणि हक्काने म्हणाल्या, "साहेबांना द्या जरा. मी त्यांची आत्या बोलतेय."

"कुठली आत्या?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? सख्खी!"

"साहेबांच्या वडिलांना बहीण नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाच भाऊ आहेत. पाचही जणांचे वाढदिवस मला पाठ आहेत."

दुसरी कुणी असती तर फोन आपटून मोकळी झाली असती. काकूंना मात्र आपल्याच वेडेपणाचं असं हसू फुटलं की आवरेना. हसता हसता त्या म्हणाल्या, "मग चुलत आत्या म्हणून चालेल का हो?"

मग बाईही हसल्या.

"आत्या, मामा, शाळेतले जिवलग मित्र, मला रोज भेटतात," त्या म्हणाल्या. "पण पकडल्यावर हसणारी तुम्ही पहिलीच. काय विकता?"

काकूंनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"एक स्पष्ट सांगते. मला वळसा घालून साहेबांपर्यंत जायचं नाही. वेळ आली की मीच तुम्हाला जोडून देईन. पण मागच्या दाराने शिरलात, तर हे दार कायमचं बंद."

"शब्द दिला, बाई," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून काकूंचा रोज सकाळी किल्ल्यावर फोन. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," बाई आधी म्हणायच्या, म्हणजे कर्तव्य पार पडलं. मग दोघींचं सुरू. बाईंची लेक पहिलटकरीण होती, माहेरी आलेली, पाय सुजलेले, झोप नाही. काकूंनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, पायांखाली उशी घ्यायला सांगितली. बोलता बोलता बाईंचं काम चालूच असायचं. "थांबा हं, साहेबांची रक्तदाबाची गोळी काढून ठेवते, नाहीतर विसरतील," "थांबा हं, चष्मा स्टेपलरच्या खणात टाकलाय बघा पुन्हा," असं सगळं काकूंच्या कानावर पडायचं. साहेबांचा आवाज त्यांनी एकदाही ऐकला नव्हता, पण त्यांच्या टेबलाचा कुठला खण अडकतो हे त्यांना ठाऊक झालं होतं.

अशा गप्पांनी भेट थोडीच ठरते? उमेदवारीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी कॅप्टन काकूंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. वाईट बातमी देताना तो बिचारा वाकून उभा राहायचा.

"काकू, तुम्ही मला आवडता. सगळ्यांनाच आवडता. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. आज संध्याकाळपर्यंत एका तरी मोठ्या कारखान्याची भेट ठरवा. नाहीतर सोमवारी मला नको ते बोलावं लागेल."

काकूंनी मान डोलावली. ही नोकरी त्यांना हवी होती. पगारासाठी तर हवीच होती, पण तेवढ्यासाठीच नाही. इथे एका खुर्चीच्या पाठीवर त्यांची शाल असायची, एका खणात त्यांचा कप, आणि त्या खणाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. इतकी वर्षं संसार केला, पण घरात त्यांच्या एकटीच्या मालकीचं असं एकही कुलूप नव्हतं. जाऊबाई काय म्हणतील याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. ती किल्ली परत द्यावी लागेल याचं मात्र फार वाटत होतं.

त्यांनी किल्ल्याचा नंबर फिरवला.

"हॅलो? हॅलो? कोण आहे? आवाज येतोय का माझा? हे कुठलं बटण दाबायचं असतं..."

पुरुषाचा आवाज! काकू खुर्चीत सरळ झाल्या.

"बाई नाहीत का?"

"पहाटेच निरोप आला त्यांचा. हॉस्पिटलमध्ये गेल्यात. मला तर काही..."

"अय्या! म्हणजे लेकीचं झालं वाटतं!" काकू ओरडल्याच. "काय झालं? मुलगा की मुलगी? दोघी बऱ्या आहेत ना?"

"मुलगी," पलीकडचा आवाज गोंधळून म्हणाला. "बऱ्या आहेत. तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?"

"नाही हो, रोजचं बोलणं आहे आमचं. आपण कोण?"

"मी... मी इथला मालक."

साहेब! साक्षात साहेब, मध्ये कुणी नाही, दार सताड उघडं. काकूंच्या जिभेवर आलंच होतं, 'साहेब, आमच्या यंत्राबद्दल फक्त दहा मिनिटं...' आणि ते तिथेच अडलं. शब्द दिला होता. शिवाय, घरातलं मोठं माणूस बाहेर गेलेलं पाहून लेकराकडून काहीतरी उकळावं, तसलं वाटलं त्यांना ते.

"बरं साहेब, बाईंना सांगा, काकूंचा फोन होता. अभिनंदन सांगा. मी पुन्हा करेन."

"थांबा थांबा! तुमचं रोजचं बोलणं आहे ना त्यांच्याशी? मग माझा चष्मा कुठे असतो ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"स्टेपलरच्या खणात बघा. तो खण अडकतो, जरा उचलून ओढा."

खडखड ऐकू आली, मग एक सुटकेचा निःश्वास. "देव तुमचं भलं करो," साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. तोंडाशी आलेला घास त्यांनी आपल्या हाताने परत ताटात ठेवला होता, आणि तोही चष्मा शोधून देऊन.

अर्ध्या तासात त्यांचाच फोन वाजला.

"काकूच ना? नंबर दिसला म्हणून लावला. अहो, सकाळपासून हा फोन थांबत नाही. जो तो काहीतरी विकतोय. मी तीन खुर्च्यांना हो म्हणून बसलोय. एका झुंबरालासुद्धा."

"झुंबर? कारखान्यात?"

"तो मुलगा इतक्या पोटतिडकीने सांगत होता हो. मला नाही म्हणवत नाही कुणाला. पहिल्यापासूनच. म्हणून तर बाईंना बसवलंय इथे."

ज्या किल्ल्याने भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले, त्याच्या आत असा लोण्याचा गोळा बसला होता तर! आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी आत्ता नुसतं विचारायचा अवकाश, यंत्र काय, दोन यंत्रं घेऊन हा माणूस वर त्यांचेच आभार मानेल. संध्याकाळ व्हायची होती. नोकरी, शाल, कप, किल्ली, सगळं एका वाक्यावर होतं.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, मी शिकवते तसं म्हणा. म्हणा: साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"पण साहेब मीच आहे!"

"ते त्यांना कुठे दिसतंय? आवाज थोडा बारीक करा."

"साहेब... मीटिंगमध्ये आहेत," साहेब चोरून खाणाऱ्या मुलासारखे म्हणाले.

"असं विचारल्यासारखं नाही. सांगितल्यासारखं. पुन्हा."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"शाब्बास! ते विचारतील, कधी संपेल? तर म्हणायचं, सांगता येत नाही. ते म्हणतील, फक्त दोनच मिनिटं. तर म्हणायचं, बरं, त्यांच्या कानावर घालते... घालतो. आणि ठेवून द्यायचा. आणि दुपारची गोळी विसरू नका. पाण्याच्या बाटलीमागे असते."

संध्याकाळी कॅप्टन खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी येऊन बसला. "चला काकू, शेवटचा प्रयत्न. किल्ला मी फोडून दाखवतो, तुम्ही नुसतं ऐका." काकू काही बोलायच्या आत त्याने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावलासुद्धा, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. पोरंपोरी भोवती गोळा झाली.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," बारीक आवाज आला.

"मला माहीत आहे," कॅप्टन ऐटीत म्हणाला. "त्यांना फक्त सांगा, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

कॅप्टन जरा चपापला. पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. "असं करू. सोमवारी सकाळी बरं की मंगळवारी दुपारी?"

"दोन्ही दिवशी साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"फक्त दोनच मिनिटं..."

"बरं. त्यांच्या कानावर घालतो," बारीक आवाज ठसक्यात म्हणाला, आणि फोन बंद.

काकूंना हसावं की रडावं कळेना. शिष्य पहिल्याच दिवशी पट्टीचा निघाला म्हणून ऊर भरून येत होता, आणि त्या शिष्याने तोडला होता तो त्यांच्याच नोकरीचा शेवटचा धागा.

"भयंकर माणूस आहे," कॅप्टन घाम पुसत म्हणाला. "कुठून आणतात अशी माणसं! काकू, तुमची काही चूक नाही. पण..."

फोन वाजला. काकूंच्या टेबलावरचा. कॅप्टनने सवयीने स्पीकरचं बटण दाबलं.

"काकू! जमलं हो जमलं!" साहेबांचा खराखुरा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "आत्ता एका फार चिवट माणसाचा फोन आला होता. पण मी काही बधलो नाही! शेवटी 'कानावर घालतो' म्हटलं बघा!"

पोरांचे डोळे विस्फारले. "हे कोण?" कॅप्टनने नुसते ओठ हलवले. "साहेब," काकूंनी तसंच उत्तर दिलं. कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन्ही हातांनी तो खुणा करू लागला: बोला! विचारा! भेट!

"फार छान केलंत, साहेब," काकू म्हणाल्या.

"तुमच्यामुळे. पण काकू, मघापासून विचारेन म्हणतोय. तुम्ही रोज फोन करता तो कशासाठी? तुम्ही काय विकता?"

पोरं टेबलावर ओणवी झाली. कॅप्टनने तर हात जोडले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ती किल्ली दिसत होती. "ते मी बाईंना सांगितलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या आल्या की त्याच सांगतील. त्यांना शब्द दिलाय मी."

फोन बंद झाला. कॅप्टन बराच वेळ टेबलावर डोकं टेकून बसला होता. मग उठून म्हणाला, "सोमवारी बोलू, काकू." रागाने नाही, आणि त्याचंच काकूंना जास्त लागलं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माणूस स्वतः विचारतोय, काय विकता. आणि तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"गोळीची आठवण मात्र केलीस."

"अहो, रक्तदाब आहे त्यांना."

नवरा पोट धरून हसला. काकू रुसल्या. मग तो म्हणाला, "अगं, तू सांगितलं असतंस तर मला नवल वाटलं असतं. नोकरी काय, दुसरी बघू." बोलणं बरं वाटलं, पण काकूंना दुसरी नको होती, हीच हवी होती.

सोमवारी त्या लवकर ऑफिसात गेल्या. शाल घडी करून पिशवीत ठेवली, कप रुमालात गुंडाळला. कॅप्टन आला, त्याने ती पिशवी पाहिली आणि वाकून उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, मी बोलतेय," बाईंचा दबका आवाज. "नातीच्या पाळण्याशेजारी बसून फोन करतेय. एका सकाळीत काय गोंधळ घालून ठेवलाय साहेबांनी! तीन खुर्च्या, झुंबर, आणि जो मागेल त्याला भेटीची वेळ. सकाळपासून एकेकाला फोन करून सगळं रद्द करतेय."

"बाळ कसंय? दूध पितं ना नीट?"

"पितंय हो. ऐका आधी. साहेबांनी शुक्रवारचं सगळं सांगितलं मला. स्वतःच्या तोंडाने विचारलं तरी तुम्ही सांगितलं नाहीत म्हणे." बाईंचा आवाज जरा भिजल्यासारखा झाला. "इतकी वर्षं त्या दारात बसलेय मी, काकू. मी पाठ फिरवल्यावर दाराशीच थांबलेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं."

काकूंना काय बोलावं सुचेना. असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच व्हायचं. मग सवयीने त्यांनी विचारलं, "साहेब आहेत का?"

"बुधवारी सकाळी साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"बरं बाई," काकू म्हणाल्या. "कोणाबरोबर?"

"तुमच्याबरोबर."

काकूंनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि काही न बोलता घंटेकडे चालू लागल्या. कॅप्टनला आधी कळेना, मग कळलं. तो धावतच एक खुर्ची घेऊन आला. ती त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली, काकू साडी सावरत तिच्यावर चढल्या, आणि त्यांनी ती घंटा अशी काही बडवली की खालच्या टायरवाल्याने वर मान केली. पोरं टाळ्या पिटत होती, शिट्ट्या मारत होती.

त्या गलक्यातून टेबलावरच्या फोनमधून एक बारीकसा आवाज येऊ लागला. नवंकोरं, कोवळं रडणं. काकू खुर्चीवरून उतरून धावल्या.

"उठवलंत ना तिला!" बाई म्हणत होत्या. "आता तुम्हीच समजूत काढा."

"कोण, छोट्या बाईसाहेब का?" काकूंनी पिशवीतून शाल काढून पुन्हा खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि ऐसपैस बसल्या. "मीटिंगमध्ये नाहीत ना त्या?"

"नाहीत हो. अगदी रिकाम्या आहेत. घ्या, बोला."

आणि काकू बोलू लागल्या.